गाडी-दवाखाना : मस्टँग विकायचीय, खरं गिऱ्हाईक टिकत नाही

या महिन्यात पत्रं बरीच आलीत, खरं त्यातलं एक एवढं लांब आणि एवढं गुंत्याचं आहे की निम्म्याहून जास्त जागा त्यालाच गेली, बाकीच्यांनी राग मानू नका. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी परत एकदा, आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'. दर महिन्याला कुणीतरी विचारतंयच.)

प्रश्न : मामा, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. आमच्या मोठ्या काकांनी मुंबईत नोकरीला असताना १९७४ ला एक फोर्ड मस्टँग घेतली होती, कुठल्यातरी वकिलातीच्या साहेबाची, एसटीसीच्या (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) टेंडरमधून. मॉडेल १९६७, दोन दाराची हार्डटॉप, लेफ्ट हँड, व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन. काका रिटायर होऊन गावी आले तशी गाडी पण आली, पासिंग केए-२२ करून घेतलं, थोडे दिवस फिरवली आणि मग गोठ्याशेजारच्या शेडात उभी राहिली ती राहिलीच. आरसीची मुदत २०११ ला संपली, काका २०१६ ला गेले, त्यांना मूलबाळ नाही. मी २०१८ ला काम काढलं, साडेचार वर्षं लागली. तळाचा पत्रा नवीन घातला, रंग पूर्ण केला (आधी पांढरी होती, मी गडद निळी केली), पुढं डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चार बॅरलचा कार्बोरेटर, अॅल्युमिनियमचा रेडिएटर, एसी, सीट कव्हर सगळं नवीन. इंजिन तेच आहे, उद्यमबागेत बोरिंग करून घेतलं. आता घराचं काम काढलंय म्हणून विकायची आहे, निदान केलेला खर्च तरी निघावा एवढीच अपेक्षा. आतापर्यंत सात जण येऊन गेले, फोटो काढतात, स्टार्ट करून आवाज ऐकतात, लई भारी म्हणतात आणि परत फोन उचलत नाहीत. एक कोल्हापूरचा तर इसार द्यायला आला होता, आरसी मागितला, बघितला आणि चहा अर्धा ठेवून गेला. आरसी अजून काकांच्याच नावावर आहे आणि इंजिन नंबरच्या जागी चेसिस नंबरच परत लिहिलाय, ही त्यावेळच्या कारकुनाची चूक असेल. माझं नेमकं चुकतंय कुठं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पाव्हणं, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे फोटो पण बघितले. दाराच्या आणि बोनेटच्या फटी एकसारख्या आल्यात, हे सोपं नसतंय, ज्यानं पत्र्याचं काम केलंय त्याला माझा नमस्कार सांगा. आणि गिऱ्हाईक का पळतंय म्हणाल तर उत्तर तुमच्याच पत्रात आहे, त्या अर्ध्या चहात. तो कोल्हापूरचा माणूस गाडी बघून पळाला नाही, तो कागद बघून पळाला.

पहिली गोष्ट कडू आहे, ती आधी सांगून टाकतो. ही गाडी अजून तुमची नाहीच. तुम्ही साडेचार वर्षं घाम गाळला, पैसे घातले, सगळं खरं, खरं काका मूलबाळ नसताना गेले आणि मृत्युपत्र असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, मग काकू हयात असतील तर पहिला हक्क त्यांचा. काकू नसतील तर तुमचे वडील, इतर काका, आत्या असे भाऊ-बहीण येतात, पुतण्या त्या रांगेत बराच मागं उभा असतो. तेव्हा पहिलं काम गॅरेजमधलं नाही, घरातलं. सगळ्यांना बसवा, गाडीला किती घातले त्याचा हिशेब समोर ठेवा आणि संमतीच्या सह्या घ्या. आत्यांना विसरू नका, गाडी विकल्यावर आठवण झालेली आत्या लई महागात पडते. मग मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद आणि फॉर्म ३१ (मालक गेल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज) घेऊन आरटीओत जायचं. खरं तर मालक गेल्यावर ३० दिवसांत कळवायचं असतं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो, तुमची मुदत केव्हाच उलटून गेली, त्यामुळं उशिराचा भुर्दंड पडेल, तो गपचूप भरा.

कुणी एजंट म्हणेल की काही नको, बाँडवर लिहून देऊ, घेणारा त्याचं तो बघून घेईल. असं करू नका. गाडी रस्त्यावर कुणाला लागली तर भरपाईच्या वेळी कोर्ट आरसीवरचं नाव बघतं, बाँड नाही. आणि शहाणा गिऱ्हाईक असल्या बाँडवर पैसे सोडतच नाही, जो सोडेल त्याच्यापासून तुम्हीच जपून राहा.

आता पासिंगचं. २०११ पासून मुदत संपलेली आहे म्हणजे तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. एक नेहमीची, म्हणजे फिटनेस दाखवून ५ वर्षांसाठी नूतनीकरण. यात गंमत अशी की ऑगस्ट २०२५ च्या नियमबदलात २० वर्षांच्या पुढच्या इम्पोर्टेड चारचाकीची नूतनीकरणाची फी ८०,००० रुपये केलीय, वर मागचा दंड आणि राज्याचा टॅक्स निराळा. दुसरी वाट व्हिंटेजची. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमात हा भाग घातला, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी यात बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षं चालते, पुढच्या वेळी ५,०००. नव्यानं नोंदणाऱ्या गाडीला 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवायची सोय आहे, म्हणजे काकांचा केए-२२ चा नंबर तसाच राहू शकतो. बदल्यात बंधन हे की गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. खडेबाजारात कुंदा आणायला म्हणून काढलेली चालत नाही.

तुमच्यासारख्यांची पंचाईत होते ती यातल्या एका अटीवर. गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यात मोठी फेरफार नको असं नियम म्हणतो. आपल्याकडं हौसेनं जुन्या अमेरिकन गाडीत जपानी डिझेल इंजिन बसवलेली कितीतरी उदाहरणं आहेत, चालते झकास, अॅव्हरेज पण देते, खरं व्हिंटेजचं दार तिथंच बंद होतं, आणि वर इंजिन बदलल्याची परवानगी घेतलेली नसेल तर आरसीशी जुळत नाही म्हणून साध्या पासिंगला पण अडते. तुम्ही इंजिन तेच ठेवलंय ना, मग तुमची निम्मी लढाई जिंकलेली आहे. तळाचा पत्रा बदललाय ती गंजलेल्या जागेची दुरुस्ती आहे, आकार तोच, जागा तीच, हे दाखवायला कापायच्या आधीचे आणि वेल्डिंग चालू असतानाचे फोटो लागतील. असतील तर सोन्यासारखे जपा. नसतील तर ज्यानं काम केलं त्याच्या मोबाईलमध्ये बघा, या लोकांना फोटो काढायची सवय असते.

माझं मत विचाराल तर फॉर्म ३१ झाला की व्हिंटेजला अर्ज करा. लेफ्ट हँडची व्ही-एट घेऊन रोज ऑफिसला जाणारा गिऱ्हाईक तुम्हाला मिळणार नाही. घेणारा हौशीच असणार, त्याला रॅलीपुरतीच गाडी काढायची असते आणि त्याला तो कागद तयार पाहिजे असतो. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी विकता येते, देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं ९० दिवसांत आपापल्या परिवहन खात्याला कळवायचं एवढंच.

आता तुम्ही ज्याला कारकुनाची चूक म्हणता त्याकडं येऊ, कारण मला यात जास्त रस आहे. ती चूक नाही. १९६७ च्या साध्या मस्टँगच्या इंजिनवर फोर्डनं गाडीचा नंबर ठोकलेलाच नव्हता, त्यावेळी तो फक्त के कोडच्या हाय-परफॉर्मन्स इंजिनवर असायचा, बाकीच्यांना १९६८ पासून सुरू झाला. त्यामुळं आरटीओतल्या माणसाला इंजिन नंबरचा रकाना भरायला काही सापडलंच नसणार, त्यानं चेसिस नंबर परत लिहून मोकळा झाला. हे तुम्ही गिऱ्हाइकाला आधी सांगितलं असतं तर तो चहा पुरा पिऊन गेला असता. तुम्ही गप्प बसला, त्यानं चोरीचं इंजिन आहे असं समजून सोडलं.

मग हे इंजिन त्याच गाडीचं आहे हे दाखवायचं कसं? एक टॉर्च, एक वायर ब्रश आणि थोडं रॉकेल घ्या. बोनेट उघडा, ड्रायव्हरच्या बाजूचा मडगार्ड जिथं आतल्या पत्र्याला बोल्टनं बसतो तिथं एक छोटी खाच आहे, त्या खाचेतून आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर दिसतो. तुम्ही पाठवलेला नंबर ७टी०१सी असा सुरू होतो. ७ म्हणजे १९६७, टी म्हणजे न्यू जर्सीतला मेटुचेनचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे २८९ घन इंचाचं दोन बॅरलचं इंजिन, कंपनीच्या कागदावर २०० हॉर्सपॉवर. पुढचे सहा आकडे तुमच्या गाडीचे स्वतःचे. मग इंजिन ब्लॉकवर ओतकामाची तारीख शोधा, आकडा-अक्षर-आकडा अशी असते, उदाहरणार्थ ६एम१४ म्हणजे १४ डिसेंबर १९६६. महिन्याची अक्षरं ए पासून एम पर्यंत, मधलं आय सोडून. ही तारीख गाडी तयार झाल्याच्या तारखेच्या थोडी आधीची निघाली की झालं, इंजिन त्याच काळातलं. गाडीची तारीख ड्रायव्हरच्या दाराच्या मागच्या कडेला रिव्हेट केलेल्या पट्टीवर आहे, तिच्यावर रंगाचं अक्षर पण असतं, तुमच्या पट्टीवर एम आहे म्हणजे विम्बल्डन व्हाईट. आता तुमची पट्टी पांढरं म्हणते आणि गाडी निळी आहे. यात गुन्हा काही नाही, खरं ती पट्टी कुणी उचलून फेकायला सांगितलं तर ऐकू नका, पट्टी गेली की गाडीची जन्मपत्रिका गेली. रंगाचं खरं सांगितलं तर चालतं.

आणखी एक करा. अमेरिकेत केविन मार्टी म्हणून आहेत, त्यांच्याकडं फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी रीतसर लायसन्सनं आहेत. चेसिस नंबर दिला की गाडी कधी बनली, कुठला रंग, कुठला गिअरबॉक्स, काय काय ऑप्शन लावून निघाली याचा कागद मिळतो, त्याला मार्टी रिपोर्ट म्हणतात. या नादातल्या लोकांत त्याला मान आहे. तुमची १९६७ ची म्हणून नशीबवान, १९६६ ची असती तर मिळाला नसता.

आता अपग्रेडचं बोलू. तुम्ही लिहिलंय ते सगळं वापरणाऱ्यासाठी चांगलंच आहे, पुढच्या ड्रम ब्रेकवर ती जड गाडी चोर्ला घाट उतरायची म्हणजे देवाचं नाव घेऊनच. खरं विकताना हिशेब उलटा लागतो. बोल्टनं बसलेली आणि बोल्टनं निघणारी गोष्ट कुणाला खटकत नाही, कापून आणि भोक पाडून बसवलेली खटकते. डिस्क ब्रेक, रेडिएटर, इग्निशन हे सगळं पहिल्या गटात. एसीसाठी फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला) भोकं पाडली असतील तर ती दुसऱ्या गटात. आणि आता माझा खरा प्रश्न, काढलेले पार्ट कुठं आहेत? ते दोन ड्रम, तो दोन बॅरलचा ऑटोलाइटचा कार्बोरेटर, त्याच्याखालचा बिडाचा मॅनिफोल्ड (चार बॅरलचा बसवताना तो बदलावाच लागतो आणि उचलताना कंबर धरते म्हणून लोक तो आधी भंगारात घालतात), डेलकोतले (डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट आणि कंडेन्सर, जुना रेडिएटर? साखरेच्या पोत्यात भरून शेडात असतील तर तुमच्या गाडीची किंमत त्या पोत्यात आहे. भंगारात दिलं असेल तर हे वाचून झाल्या झाल्या भंगारवाल्याला फोन लावा, आधी हे करा, घराच्या कामाचं नंतर बघा.

पोतं सापडलं तर प्रत्येक पार्टला चिठ्ठी बांधा, कशातून काढला, कधी काढला. गिऱ्हाईक आला की गाडीचं बोनेट नंतर उघडा, पोतं आधी उघडा. त्याला कळतं की हा माणूस लपवणारा नाही आणि आपल्याला पाहिजे तर गाडी परत मूळ रूपात नेता येते.

लपवण्यावरून माझीच एक फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडं दुसऱ्या महायुद्धातली एक जीप होती, मी ती फोर्डची जीपीडब्ल्यू म्हणून विकायला काढली (तीच जीप त्यावेळी विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्या बनवायच्या), कारण मला ज्यानं दिली त्यानं तसं सांगितलं होतं आणि मी कधी वाकून बघितलं नव्हतं, खरं सांगायचं तर बघायचं टाळलं होतं. इचलकरंजीचा एक गृहस्थ आला, पांढरा लेंगा घातलेला, बोलणं कमी. चारी बाजूंनी फिरला नाही की सीटवर बसला नाही, सरळ पुढं जाऊन गुडघ्यावर बसला आणि रेडिएटरच्या खाली बघितलं. फोर्डच्या जीपला पुढचा आडवा क्रॉस मेंबर उलट्या यू सारखा पट्टीचा असतो, विलीजला गोल पाईप असतो. माझ्या जीपला पाईप होता. तो उठला, लेंगा झटकला आणि एवढंच म्हणाला, बाकीचं पण असंच असेल की. नाहीतर विलीज काय वाईट गाडी आहे? विलीज म्हणून सांगितली असती तर त्यानंच घेतली असती. त्यानंतर मी तिचं इंजिन किती चांगलं आहे ते सांगत बसलो, ते खरंच चांगलं होतं, खरं त्याच्या कानात काही शिरलं नाही.

म्हणून एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर गाडी कशी होती, उजव्या पानावर काय केलं, कुणी केलं, बिल असेल तर चिकटवा. रंग बदललाय हे लिहा, तळाचा पत्रा अमेरिकेतून मागवलेला की आपल्याकडं ठोकून केलेला ते लिहा, कुठं लांबी (पुट्टी) जास्त भरलीय ते पण लिहा, कारण घेणारा खिशात लोहचुंबक घेऊन येतोच.

एक दुखणं तुम्ही पत्रात लिहिलंच नाही, तेव्हा विचारतो. काचेखाली, वायपरच्या पुढं जी जाळी आहे तिच्या आत पाणी जायची पोकळी असते, या पिढीच्या मस्टँगचं ते जुनं दुखणं, आतून गंजते आणि पाणी थेट पायात येतं. तळाचा पत्रा तुम्ही बदललात, तो गंजला कशामुळं याचा विचार केला का? खानापूरच्या पावसात वीस वर्षं उभी राहिलेली गाडी आहे ती. एक बादली पाणी घ्या, जाळीवर सावकाश ओता, आणि दुसऱ्या माणसाला आत झोपवून डॅशबोर्डच्या खालून टॉर्चनं बघायला सांगा. थेंब पडला तर आधी ते काम करा, नाहीतर तुमचा नवीन पत्रा दोन पावसाळ्यांत जुना होतो. कोरडं राहिलं तर गिऱ्हाइकासमोर तीच बादली परत ओता, दहा फोटोंपेक्षा जास्त काम करते.

किमतीचं. केलेला खर्च निघावा म्हणता, तो निघेलच असं मी सांगणार नाही. बोरिंगचं बिल, रंगाचं बिल, चार वर्षांच्या रविवारांचं बिल असं जोडून किंमत होत नाही, गिऱ्हाईक आजची गाडी आणि आजचा कागद बघतो. १९६७ ला सुमारे ४ लाख ७२ हजार मस्टँग निघाल्या, त्यातल्या साडेतीन लाखांहून जास्त तुमच्यासारख्या हार्डटॉपच, म्हणून अमेरिकेत जास्त भाव फास्टबॅकला (मागं उतरत्या टपाच्या गाडीला) आणि उघड्या टपाच्या गाडीला. येणारा प्रत्येक जण मोबाईलवर अमेरिकेतला हार्डटॉपचा भाव बघून आलेला असतो हे धरून चाला. आपल्याकडं कायदेशीर कागदाची मस्टँगच मुळात कमी, तुमचं बळ तिथं आहे, आणि ते बळ सध्या काकांच्या नावावर अडकलंय. कुणी सांगेल की शेल्बीचे (मस्टँगच्या महागड्या, जोरदार मॉडेलचे) पट्टे मारा, बिल्ले लावा, भाव येईल. त्याला चहा पाजा आणि रवाना करा.

(जाता जाता, जाहिरातीत स्पोर्ट्स कार असं लिहिलंय तुम्ही. जाणकार हसतील. अमेरिकेची स्पोर्ट्स कार म्हणजे कॉर्वेट, मस्टँगला ते पोनी कार म्हणतात, १९६४ च्या एप्रिलमध्ये मस्टँग आली आणि तिच्यावरूनच तो प्रकार पडला.)

बाकी व्यवहाराचं पटकन सांगतो. पैसे बँकेतूनच घ्या, एका व्यवहारात २ लाख किंवा त्याच्यावर रोख घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसतो, देणारा सुटतो. फॉर्म २९ आणि ३० (गाडी घेणाऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) वर सह्या पूर्ण पैसे खात्यात आल्यावर, आणि कोऱ्या फॉर्मवर तर कधीच नाही. घेणारा कोल्हापूरचा किंवा गोव्याचा असेल तर बेळगाव आरटीओची एनओसी लागेल, फॉर्म २८. ट्रायलला चावी त्याच्या हातात देण्याआधी इन्शुरन्स चालू आहे का बघा आणि स्वतः शेजारी बसा, लेफ्ट हँडला माणूस पहिल्या वळणावर हमखास रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जातो.

आणि त्या कोल्हापूरवाल्याचा नंबर आहे ना अजून? फॉर्म ३१ झाल्यावर त्यालाच पहिला फोन करा. जो आरसी नीट वाचतो तोच खरा घेणारा असतो, बाकीचे सहा आवाज ऐकायला आले होते.

प्रश्न : लेफ्ट हँड गाडी आपल्याकडं चालवायला बंदी आहे असं आमच्या इथला एक जण ठासून सांगतो. मला एक जुनी अमेरिकन गाडी मिळतेय, स्टिअरिंग उजवीकडं करून घेऊ का?
– निपाणी

उत्तर : सरसकट बंदी नाही. मोटार वाहन कायद्याचं १२० वं कलम सांगतं की डावीकडं स्टिअरिंग असलेली गाडी रस्त्यावर काढायची तर तिला ठरवून दिलेलं इशारा देणारं यंत्र चालू स्थितीत पाहिजे, म्हणजे वळायचा-थांबायचा इशारा दिसला पाहिजे. इंडिकेटर आणि ब्रेकलाइट नीट ठेवा. स्टिअरिंग उजवीकडं करायच्या भानगडीत पडू नका, डॅशबोर्ड कापायचा, फायरवॉल कापायची, पेडल हलवायचे, एवढं करून गाडीची किंमत कमी होते आणि वर मूळ रूपाचा प्रश्न येतो. कोगनोळी नाक्यावर टोलची पावती घ्यायला डावीकडून हात पुरत नाही ही अडचण खरी आहे, त्यासाठी फास्टॅग आहे की.

प्रश्न : मामा, माझी जुनी व्ही-एट वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून उभी राहिली की पेट्रोलचा वास मारते. विकायला काढलीय, गिऱ्हाईक नाक मुरडतंय.
– चिकोडी

उत्तर : तुमच्या शेतातला ऊसच तुमच्या गाडीच्या नळ्या खातोय असं समजा. त्या काळचे रबरी पाईप, कार्बोरेटरमधला पंपाचा पडदा, बुचाची गॅस्केटं ही इथेनॉलसाठी बनलेली नव्हती, ती फुगतात, मऊ पडतात, पाझरतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप इथेनॉलला टिकणारे घाला (दुकानात विटॉनचे मागा), कार्बोरेटरचा किट बदला. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका. मॉडेल तुम्ही लिहिलं नाही, पहिल्या पिढीची मस्टँग असेल तर डिकीत चटई उचलून बघा, त्या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, तिथलं सील गेलं तरी वास थेट आत येतो. हे काम गिऱ्हाईक यायच्या आधी करा. पेट्रोलचा वास आला की माणूस पुढचं काही बघत नाही.

प्रश्न : आमचे हे गेली तीन वर्षं त्यांची जुनी अमेरिकन गाडी विकतो विकतो म्हणतात. गिऱ्हाईक आला की अंगणात दोन तास गप्पा, मला तीनदा चहा, आणि शेवटी हे किंमत वाढवून सांगतात. मागच्या वेळी तर माणूस मागितलेली किंमत द्यायला तयार झाला, तेव्हा यांनी सांगितलं की स्टेपनी वेगळी विकणार. गाडी खरंच विकायची असेल तर मी काय करावं?
– एक गृहिणी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : वहिनी, त्यांना गाडी विकायची नाही, गाडीबद्दल बोलायला माणूस पाहिजे. पुढच्या गिऱ्हाइकाला चहा देताना कपाटातला आरसी पण ट्रेमध्ये ठेवून द्या आणि साहेबांना सगळ्यांसमोर विचारा, फॉर्म २९ आणू का. हो म्हणाले तर गाडी गेली समजा. स्टेपनीचं परत काढलं, तर व्हिंटेज नोंदणीचे २०,००० त्यांच्या खिशातून भरून घ्या आणि चहाची पावडर त्यांनाच आणायला लावा.